औषधाला दाद न देणारे जंतू आणि येऊ घातलेली औषधं

कुणाच्या भाकरी चालू असतील, कुणी जनावरांचं आवरत असेल, कुणी आत्ताच रानातून आली असेल. हातातलं काम थांबवू नका, कान तेवढा इकडे द्या. आज बोलायचं आहे गोळ्यांबद्दल. डॉक्टर ज्यांना अँटिबायोटिक म्हणतात, पुस्तकात ज्यांना प्रतिजैविक म्हणतात आणि आपण मेडिकलवर जाऊन ‘जरा पॉवरची द्या’ म्हणून मागतो, त्या गोळ्या.

तुम्ही म्हणाल, गटाची ताई हप्ता आणि व्याज सोडून गोळ्यांवर कुठं आली? सांगते. आमच्या प्रभागातल्या गटांच्या कर्जवह्या मी बघते. ‘कर्जाचं कारण’ या रकान्यात बियाणं, शेळी, शिलाई मशीन, पोरांची फी असं लिहिलेलं असतं. आणि थोड्या थोड्या ओळींनी एक शब्द परत परत येतो, ‘दवाखाना’. शेळीचं कर्ज शेळी फेडते. मशीनचं कर्ज मशीन फेडतं. दवाखान्याचं कर्ज बाई स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन फेडते. अशा बायकांशी बोलायला बसलं की पुष्कळदा एकच गोष्ट ऐकू येते. ‘आधी साधंच होतं ताई. गोळ्या घेतल्या, बरं वाटलं, परत झालं. मग त्या गोळ्यांनी गुणच येईना. शेवटी तालुक्याला नेलं, सलाईन, इंजेक्शनं, आठ दिवस अ‍ॅडमिट.’

गोळ्यांनी गुण का येईना? कापूस लावणाऱ्या बायकांना हे समजायला अवघड नाही. बीटी कापूस आला तेव्हा बोंडअळी त्यानं मरायची. पुढं २०१७ साली विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. बियाणं बीटीचंच होतं, पण अळी त्या विषाला सरावली होती. नाजूक अळ्या मेल्या, चिवट तेवढ्या उरल्या आणि पुढची सगळी पिलावळ त्या चिवट अळ्यांची निघाली. बियाण्यासोबत नॉन-बीटीचं वेगळं पाकीट यायचं, ते शेताच्या कडेनं लावायला सांगायचे. अळी विषाला लवकर सरावू नये म्हणून ती युक्ती होती. ते पाकीट बांधावर कितीजणांनी टाकून दिलं, हेही आपल्याला माहीत आहे.

जंतूंचं असंच होतं, पण अळीपेक्षा फार झपाट्यानं. पोटातला ई. कोलाय नावाचा जंतू चांगली परिस्थिती मिळाली तर वीस-पंचवीस मिनिटांत एकाचे दोन होतो. औषधाचा अर्धवट मारा झाला की कच्चे जंतू मरतात, निगरगट्ट उरतात. शिवाय जंतूंकडे आणखी एक कला आहे. आपण शेजारणीला विरजण देतो ना, तसं एक जंतू औषधापासून वाचायचा गुण दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. म्हणून एका घरात तयार झालेला चिवट जंतू त्या घरापुरता राहत नाही. पाण्यातून, हातातून, दवाखान्याच्या खाटेवरून तो दुसऱ्याकडे जातो. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंमुळं गेली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

हे कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. पेनिसिलीनचा शोध १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी लावला. १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक घेताना केलेल्या भाषणातच त्यांनी बजावलं होतं, की औषध कमी प्रमाणात घेतलं तर जंतू मरणार नाहीत, उलट औषधाला सरावतील. आपल्याकडं पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पेनिसिलीन देशात तयार होऊ लागलं. आपल्या आज्यांच्या काळात बाळंतपणानंतरचा ताप, न्यूमोनिया, चिघळलेली जखम यांत माणूस हकनाक जायचं. आपल्या आयांच्या काळात ते जगायला लागलं. हा फरक ज्या औषधांनी पाडला, तीच आता हळूहळू बोथट होत चालली आहेत.

मग नवी औषधं नाहीत का? आहेत. पण वाट लांबची आहे. नवं औषध आधी प्रयोगशाळेत तपासतात, मग प्राण्यांवर, मग थोड्या निरोगी माणसांवर, मग थोड्या रुग्णांवर आणि शेवटी पुष्कळ रुग्णांवर. यात दहा-पंधरा वर्षं सहज जातात आणि बरीचशी औषधं मधेच गळतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ मध्ये हिशेब मांडला. जंतूंवरची ९० औषधं माणसांवरच्या चाचण्यांत होती. त्यातली खऱ्या अर्थानं नव्या धाटणीची फक्त १५. आणि जे जंतू सगळ्यांत धोक्याचे म्हणून यादीत वर आहेत, त्यांच्यातल्या निदान एकावर तरी चालतील अशी त्या पंधरांत फक्त ५.

इतकी कमी का? याचं उत्तर हिशेबाच्या वहीत आहे, म्हणून मला ते लगेच कळलं. बीपीची गोळी माणूस जन्मभर घेतो. अँटिबायोटिक पाच-सात दिवस घेतो. त्यातही नवं, चांगलं औषध निघालं तर डॉक्टर ते लगेच सगळ्यांना देत नाहीत, अडीअडचणीसाठी मागं ठेवतात. म्हणजे माल जितका चांगला तितका कमी खपायचा. अमेरिकेतल्या अकाओजेन नावाच्या कंपनीनं प्लाझोमायसिन हे नवं औषध काढलं. २०१८ मध्ये त्याला मंजुरी मिळाली आणि २०१९ मध्ये कंपनीनं दिवाळं काढलं. म्हणून आता सरकारं आणि नफा न घेणाऱ्या संस्था अशा शोधांना पैसा पुरवतात.

आता यातली काही औषधं सांगते. नावं पाठ करू नका. कोणत्या दुखण्यावर काय चाललंय तेवढं ध्यानात ठेवा.

पहिलं दुखणं आपण कुजबुजत बोलतो ते, लघवीची जळजळ. रानात आडोसा नाही म्हणून आपण पाणी कमी पितो, तुंबवून धरतो. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं तर विचारूच नका. बाईच्या शरीराची ठेवणच अशी आहे की जंतूला मूत्राशयापर्यंतची वाट जवळची पडते. या आजारावर जेपोटिडासिन नावाची गोळी निघाली आहे. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत तिला मंजुरी मिळाली, बायकांसाठी आणि १२ वर्षांपुढच्या मुलींसाठी. या आजारावर तोंडानं घ्यायचं नव्या जातीचं औषध जवळजवळ तीस वर्षांनी आलं. जंतूला एकाचे दोन व्हायला आतली दोन यंत्रं लागतात, ही गोळी दोन्हींना अडवते. एका दाराचं कुलूप जंतूनं काढलं तरी दुसरं बंदच राहतं, म्हणून या औषधाला सरावणं त्याला अवघड जाईल अशी आशा आहे. आता महत्त्वाचं ऐका. या दुखण्यावर नायट्रोफ्युरँटॉइन नावाचं जुनं, स्वस्त औषध आपल्याकडं आजही पुष्कळ बायकांना लागू पडतं. ते चालतंय तोवर नव्याची गरज नाही. सारखा त्रास होत असेल तर लघवीची कल्चर तपासणी करून मागा. कोणता जंतू आहे आणि कोणत्या औषधानं मरतो, हे त्या तपासणीत कळतं. गरोदर बाईनं तर लघवीची तपासणी चुकवूच नये.

दुसरं दुखणं न्यूमोनिया. नाफिथ्रोमायसिन हे औषध आपल्याच देशात तयार झालं. मुंबईच्या वोक्हार्ट कंपनीनं ते काढलं, तिचं संशोधन केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे. केंद्र सरकारच्या बायरॅक या संस्थेनं मदत केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते जाहीर झालं. सुमारे चौदा वर्षांचं काम त्यामागं आहे. अ‍ॅझिथ्रोमायसिन ज्या घराण्यातलं, त्याच घराण्यातलं हे पुढचं औषध. दिवसातून एकदा, तीन दिवस. हे मोठ्या माणसांसाठी आहे आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवरच घ्यायचं. लहान लेकरांसाठी याहून मोठी गोष्ट आपल्या उपकेंद्रात फुकट आहे. न्यूमोनियावरची पीसीव्ही लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात आली. आजार झालाच नाही तर औषधही नको आणि कर्जही नको.

त्याच कंपनीचं झिडेबॅक्टम नावाचं औषध सेफेपीम या जुन्या औषधाच्या जोडीनं द्यायचं आहे. काही जंतू औषध कापून टाकणारी कात्री स्वतःजवळ बाळगतात. अशा जंतूंवर ही जोडी चालते का, याच्या मोठ्या चाचण्या पार पडल्या आहेत. चेन्नईच्या ऑर्किड कंपनीत जन्मलेलं एन्मेटाझोबॅक्टम याच वळणाचं. त्यानं जंतूची कात्री बोथट होते आणि सेफेपीम आपलं काम करतं. त्याला फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. ही दोन्ही दवाखान्यात शिरेतून द्यायची औषधं आहेत, घरी घ्यायची नाहीत.

तिसरं, मोठ्या दवाखान्यांतला असिनेटोबॅक्टर नावाचा जंतू. आयसीयूतल्या रुग्णाला, व्हेंटिलेटरवरच्या माणसाला, काचेच्या पेटीत ठेवलेल्या बाळाला तो गाठतो आणि नेहमीच्या बऱ्याच औषधांना दाद देत नाही. त्याच्यावर झोसुराबाल्पिन नावाचं औषध येऊ घातलंय. जंतूच्या बाहेरच्या कवचाला लागणारा माल आतून बाहेर जातो, त्याची वाटच हे औषध अडवतं. २०२४ च्या जानेवारीत हा शोध छापून आला आणि माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत तो पोचला आहे.

आणि एक गोष्ट आपल्या मातीशी नातं सांगणारी. क्षयावरचं पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये मातीतल्या जंतूपासून मिळालं होतं. मातीत जंतू जंतूंशी भांडतात आणि एकमेकांना मारायला विष तयार करतात. त्याच विषाचं आपण औषध करतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी एका घरामागच्या परसातली माती आणली आणि तिच्यातले जंतू जवळजवळ वर्षभर सावकाश वाढू दिले. त्यातून लॅरिओसिडिन नावाचा नवा रेणू सापडला. २०२५ मध्ये तो जगापुढं आला. उंदरांवर गुण दिसला आहे. माणसांपर्यंत यायला अजून बरीच वर्षं लागतील.

आता चौथं दुखणं, क्षयरोग, म्हणजे टीबी. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. त्यातला काही टीबी नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. काही वर्षांपूर्वीपर्यंत अशा रुग्णाला दीड-दोन वर्षं उपचार घ्यावे लागत. त्यात महिनोन्‌महिने रोज इंजेक्शन, आणि त्या इंजेक्शनानं काहीजणांचे कान जायचे.

आमच्या प्रभागातल्या एका गटात अशा एक वहिनी आहेत. टीबी बरा झाला, ऐकू येणं गेलं. बैठकीत त्या अध्यक्षांच्या शेजारी बसतात आणि शेजारची बाई त्यांना मुद्दा कागदावर लिहून दाखवते. गटाचा हिशेब त्यांच्याइतका चोख कुणाचा नाही. माझं हे बोलणं आत्ता त्यांना ऐकू येत नाहीये. मासिकात छापून आलं की त्या वाचतात आणि चूक सापडली तर खूण करून मला दाखवतात. म्हणून टीबीच्या औषधाबद्दल बोलताना मी प्रत्येक शब्द तोलून बोलते आहे.

बेडाक्विलिन हे टीबीवरचं औषध २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. चाळीसेक वर्षांत टीबीसाठी नव्या पद्धतीचं औषध निघालं नव्हतं. त्यानं इंजेक्शन टळू लागलं. पण त्याचं पेटंट एकाच कंपनीकडं, जॉन्सन अँड जॉन्सनकडं होतं. पेटंट म्हणजे ठरलेल्या मुदतीपर्यंत ते औषध दुसऱ्या कुणी करायचं नाही. जुन्या पेटंटची मुदत २०२३ च्या जुलैत संपत होती आणि कंपनीनं ती मक्तेदारी आणखी चार वर्षं लांबेल असा दुसरा अर्ज केला होता. त्या अर्जाला २०१९ मध्ये दोन बायकांनी हरकत घेतली. एक मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन, दुसऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. दोघींनाही टीबी झालेला, दोघींचंही ऐकणं उपचारात गेलेलं. ना त्या औषध कंपनीच्या, ना सरकारच्या. मार्च २०२३ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयानं कंपनीचा तो अर्ज नाकारला. त्यानंतर भारतीय कंपन्यांना बेडाक्विलिन तयार करायची वाट मोकळी झाली आणि किंमत खाली आली.

आता बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही चार औषधं एकत्र देतात. या उपचाराला बीपाल्म म्हणतात. सगळ्या तोंडानं घ्यायच्या गोळ्या, सहा महिने. यातलं प्रेटोमॅनिड तर टीबी अलायन्स या नफा न घेणाऱ्या संस्थेनं पुढं आणलं. आपल्या आरोग्य मंत्रालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये या उपचाराला मान्यता दिली. तो कुणाला द्यायचा हे डॉक्टर तपासून ठरवतात. टीबी औषधाला दाद देतो का, हे आता बेडक्याच्या तपासणीत थोड्या तासांत कळतं. ट्रूनॅट हे त्यासाठीचं छोटं, बॅटरीवरही चालणारं यंत्र गोव्यातल्या कंपनीचं आहे. तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे आणि उपचार चालू असेपर्यंत खाण्यापिण्यासाठी महिन्याला १००० रुपये रुग्णाच्या खात्यावर येतात. दोन आठवड्यांवर खोकला गेला, संध्याकाळचा ताप येतो, वजन उतरतंय, तर आशाताईला गाठा. टीबीसाठी १८००-११-६६६६ हा फुकट फोनही आहे.

मैत्रिणींनो, आता गटाच्या भाषेत बोलू. आपल्या गटाचा एक राखीव निधी असतो. तो लुगड्यासाठी, बारशासाठी काढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१७ पासून अँटिबायोटिकची अशीच वाटणी केली आहे. पहिल्या गटात रोजची औषधं, दुसऱ्यात जपून द्यायची, तिसऱ्यात राखीव. येणारी बहुतेक नवी औषधं या राखीव निधीत जाणार. एकीनं गरज नसताना तो फोडला तर सगळ्यांचा निधी कमी होतो, आणि ज्या दिवशी खरी गरज पडेल त्या दिवशी पेटी रिकामी निघते. म्हणून नवं औषध आलं हे ऐकून मेडिकलवर ते मागायला जायचं नाही. हातात आहेत ती औषधं जपायची. त्यासाठी गटात करता येईल असं सांगते.

गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते. लाल रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. २०१६ मध्ये सरकारनं ही ओळख सांगणारी मोहीम काढली. वाचता न येणाऱ्या आजीलाही रेघ दिसते. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातली पाकिटं आणा आणि रेघ शोधा. काही जपून द्यायची औषधं तर अशी आहेत की ती कुणाला, कुठल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर दिली याची नोंद मेडिकलवाल्याला वहीत ठेवावी लागते. आपल्याला वह्यांची सवय आहे. विचारायला लाजू नका.

सर्दी, पडसं, फ्लू, डेंगी हे विषाणूंचे आजार. अँटिबायोटिक त्यांना मारत नाही. डॉक्टरला सरळ विचारा, ‘डॉक्टर, यात अँटिबायोटिक आहे का? खरंच लागेल का? किती दिवस घ्यायचं?’ जितके दिवस सांगितले तितके दिवस, कमी नाही आणि जास्तही नाही. बरं वाटलं म्हणून मधेच थांबवायचं असेल तर आधी विचारायचं. उरलेली गोळी जावेला, नणंदेला, शेजारणीला द्यायची नाही. प्रेमापोटी दिलेली चटणी चालते, गोळी चालत नाही.

गोठ्यातही हेच. गाईला दगडी झाली, सडात औषध भरलं, तर डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध डेअरीला घालायचं नाही आणि लेकरांनाही द्यायचं नाही. जनावराचं औषध पशुवैद्यकाला विचारून. दवाखान्यातलं कोलिस्टिन हे शेवटच्या फळीचं औषध कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून खाद्यात घातलं जायचं. २०१९ मध्ये सरकारनं अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत त्याच्या वापरावर बंदी घातली. पोल्ट्रीसाठी कर्ज घेतलेल्या गटांनी खाद्याच्या पिशवीवर काय लिहिलंय ते वाचूनच खाद्य घ्यावं.

आणि पाणी. हात धुणं, प्यायचं पाणी झाकणं, रानात बायकांसाठी आडोसा. ग्रामसभेत शौचालयाचा विषय काढला की लोक म्हणतात, हे काय परत परत. परत परतच काढायचा. जो आजार झालाच नाही, त्याला अँटिबायोटिक लागत नाही.

शास्त्रज्ञ त्यांचं काम करताहेत, कुणी कॅनडाच्या परसात, कुणी संभाजीनगरच्या प्रयोगशाळेत. दोन बायकांनी अर्ज करून औषध आपल्या आवाक्यात आणलं. येत्या महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा, लाल रेघेची पाकिटं सतरंजीवर मांडा आणि आशाताईला बोलवा. काय सापडलं, काय प्रश्न निघाले, ते कागदावर लिहून आपल्या रेडिओ केंद्राकडं पाठवा. त्यातले प्रश्न घेऊन आरोग्य केंद्राच्या डॉक्टरबाईंना आपण इथंच, माइकसमोर बसवू. नमस्कार.